अकरा जागांची निवडणूक: अँग्विला बेटावर मत कशासाठी दिलं जातं?

छोट्या प्रदेशांतली लोकशाही हा आपल्या या व्याख्यानमालेचा विषय. आज आपण कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला या बेटाकडे वळतोय. तिथे २६ फेब्रुवारी २०२५ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली, सत्ता बदलली आणि कोरा रिचर्डसन-हॉज या बेटाच्या पहिल्या महिला प्रीमियर झाल्या. प्रीमियर म्हणजे तिथलं मुख्यमंत्रिपद.

आधी आकार लक्षात घेऊ. बेटाची लांबी सुमारे २६ किलोमीटर, क्षेत्रफळ ९१ चौरस किलोमीटर आणि वस्ती साधारण पंधरा-सोळा हजार. त्यांच्या विधानसभेत लोकांनी निवडून दिलेले सदस्य फक्त ११. महाराष्ट्रातल्या नगरपंचायतीत १७ नगरसेवक असतात, म्हणजे ही विधानसभा त्याहूनही लहान. पण नगरपंचायत दिवाबत्ती, पाणी, गटारं बघते. हे ११ जण कायदे करतात, कर बसवतात, अर्थसंकल्प मांडतात. आकार गावाचा आणि जबाबदारी जवळजवळ देशाची.

'जवळजवळ' का म्हटलं? कारण अँग्विला स्वतंत्र देश नाही. तो ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. राजा ब्रिटनचा, गव्हर्नर लंडनहून नेमलेला. परराष्ट्र संबंध, संरक्षण, पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा, सरकारी नोकरांच्या नेमणुका हे विषय गव्हर्नरच्या हातात. बाकीचा कारभार निवडून आलेल्या सरकारकडे. संयुक्त राष्ट्रांच्या 'स्वशासन न मिळालेल्या प्रदेशां'च्या यादीत अँग्विलाचं नाव आजही आहे.

मग साहजिकच कुणी विचारेल, की या लोकांनी स्वातंत्र्य का नाही मागितलं? गंमत अशी, की या बेटानं बंड केलं होतं, पण ते ब्रिटनच्या ताब्यातून सुटण्यासाठी नव्हे, तर ब्रिटनच्याच थेट अंमलाखाली राहण्यासाठी.

बंड, पण उलट्या दिशेचं

१९६७ च्या फेब्रुवारीत ब्रिटननं सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला या तीन बेटांचं एक 'संलग्न राज्य' केलं. कारभार सेंट किट्सवरून चालणार, नेते रॉबर्ट ब्रॅडशॉ. सेंट किट्स तिथून शंभरेक किलोमीटरवर. दहा निवडून आलेल्या सदस्यांत अँग्विलाचा सदस्य एकच. त्या काळी बेटावर वीजपुरवठा नव्हता, पक्के रस्ते नव्हते. लोकांची तक्रार सरळ होती: पैसा आणि निर्णय दोन्ही तिकडेच अडतात.

३० मे १९६७ रोजी अँग्विलाच्या लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून घालवून दिलं. हा दिवस आजही 'अँग्विला दिन' म्हणून साजरा होतो. ११ जुलैला सार्वमत घेतलं. वेगळं होण्याच्या बाजूनं १,८१३ मतं, विरोधात ५.

मराठी श्रोत्यांना इथे एक तारीख आठवेल. त्याच वर्षी, १६ जानेवारी १९६७ ला, गोव्यात जनमत कौल झाला आणि गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. दोन्हींची परिस्थिती सारखी नाही. गोव्याचा कौल सरकारनं घेतलेला होता, अँग्विलाचा बंडखोरांनी. पण 'शेजारच्या मोठ्या घरात आपलं म्हणणं ऐकलं जाईल का' ही धास्ती दोन्हीकडे होती.

पुढे १९६९ मध्ये दुसरं सार्वमत झालं आणि निकाल तसाच एकतर्फी लागला. मार्चमध्ये ब्रिटननं तोडगा काढायला एक उपमंत्री पाठवला, तर बेटवासीयांनी त्याला परत पाठवलं. मग १९ मार्च १९६९ ला ब्रिटिश छत्रीधारी सैनिक आणि लंडनचे पोलीस बेटावर उतरले. प्रतिकार झाला नाही, कुणाचा जीव गेला नाही. जगभर या कारवाईची थट्टा झाली. पण परिणाम बेटवासीयांना हवा तोच झाला: कारभार पुन्हा ब्रिटनच्या थेट देखरेखीखाली आला. १९७६ मध्ये स्वतःची राज्यघटना मिळाली, आणि १९८० च्या डिसेंबरात सेंट किट्सपासूनची फारकत कायद्यानं पक्की झाली.

म्हणजे बघा, इथलं मतदान नुसतं 'कोण सरकार चालवणार' एवढ्यापुरतं नाही. निर्णय आपल्या दारात व्हावेत म्हणून या लोकांनी बंड केलं होतं. मत हे त्या बंडाचं फलित आहे.

मत कसं पडतं, सरकार कसं बनतं

आता यंत्रणा समजून घेऊ. २०१५ पर्यंत सात मतदारसंघ आणि सातच निवडून आलेले सदस्य होते. २०१९ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली. सात मतदारसंघ राहिले, त्यात चार बेटव्यापी जागांची भर पडली. या चार जागांसाठी अख्खं बेट हाच मतदारसंघ असतो आणि सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले चार निवडून येतात. मुख्यमंत्रिपदाला 'प्रीमियर' हे नाव त्याच दुरुस्तीत मिळालं. ११ निवडलेले, शिवाय पदसिद्ध दोन: उपगव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल. सभागृहाची मुदत पाच वर्षं.

मतदार कोण? इथे एक बारकावा आहे. ब्रिटिश पासपोर्ट हातात असला म्हणून अँग्विलात मत देता येत नाही. 'अँग्विलियन' असा कायदेशीर दर्जा लागतो, जो मुख्यतः जन्म, वंश किंवा विवाह यांतून मिळतो. लहान बेटावर बाहेरून आलेले लोक लवकरच संख्येनं भारी ठरू शकतात, ही भीती त्यामागे आहे. पण मग बेटावर राहून काम करणाऱ्या आणि कर भरणाऱ्या परक्यांचं काय, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

चार बेटव्यापी जागा कशाला हव्या होत्या? सात जागांच्या सभागृहात बहुमत म्हणजे चार. मुख्यमंत्री एक आणि मंत्री तीन धरले, की सत्ताधारी बाकांवर मंत्री नसलेलं कुणी उरतच नाही. २०१० साली अगदी असंच चार जागांच्या बळावर सरकार आलं होतं. अशा ठिकाणी सरकारला आतून प्रश्न विचारणार कोण? आणि एक सदस्य फुटला की सरकार गडगडतं. बंडाचे नेते रोनाल्ड वेबस्टर १९७६ मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी अविश्वास ठरावानं पायउतार झाले. लोकांनी त्यांना १९८० मध्ये परत आणलं. छोट्या सभागृहात पुढाऱ्याची पुण्याई मोठी असली तरी आकडा त्याहून मोठा ठरतो.

दुसरं कारण असं. मतदारसंघ लहान, मतदार ओळखीचे, पुष्कळदा नात्यातले. उमेदवार दारात येतो तेव्हा तो कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी वर्गमित्र असतो. अशा ठिकाणी आपल्या आळीचं काम करणाराच निवडून येण्याचा धोका असतो. संपूर्ण बेटाला उत्तरदायी असे काही जण असावेत, हा बेटव्यापी जागांमागचा विचार.

गेल्या काही निवडणुका काय सांगतात

२०२० मध्ये एलिस वेबस्टर यांच्या पक्षानं ११ पैकी ७ जागा जिंकल्या. मावळते प्रीमियर व्हिक्टर बँक्स यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. २०२५ मध्ये पारडं फिरलं: बँक्स यांचा जुना पक्ष, अँग्विला युनायटेड फ्रंट, ८ जागा घेऊन परत आला आणि वेबस्टर यांच्या पक्षाला ३ मिळाल्या. सत्ता शांतपणे हातची जाते आणि येते, ही लोकशाहीची तब्येत चांगली असल्याचीच खूण.

या मधल्या काळात वादाचा मोठा विषय होता कर. २०१३ मध्ये बेटावरच्या दोन स्थानिक बँका अडचणीत आल्या आणि प्रादेशिक मध्यवर्ती बँकेनं त्यांचा ताबा घेतला. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळानं बेट झोडपलं. मग कोविड आला आणि पर्यटनावर जगणारं बेट ठप्प झालं. तिजोरी रिकामी, आणि कर्ज काढायचं तर लंडनची संमती हवी. जुलै २०२२ मध्ये १३ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. आपल्याला जीएसटीचा अनुभव आहेच. जिथे जवळपास सगळंच बोटीनं बाहेरून येतं, तिथे असा कर थेट स्वयंपाकघरात जाणवतो.

आणि मग नशिबानं एक दार उघडलं. इंटरनेटवर प्रत्येक देशाला, प्रदेशाला दोन अक्षरं मिळालेली असतात. भारताला 'डॉट इन', अँग्विलाला 'डॉट एआय'. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि जगभरच्या कंपन्या हा पत्ता घ्यायला धावल्या. प्रत्येक नोंदणीचं शुल्क बेटाच्या तिजोरीत. २०२३ मध्ये यातून सुमारे ३.२ कोटी अमेरिकन डॉलर मिळाले. सरकारी उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा! या पैशाला वादळाची भीती नाही, पण फॅशन बदलण्याची आहे. तो कर कमी करायला वापरायचा, दवाखाने-शाळांवर खर्चायचा, की वाईट दिवसांसाठी बाजूला ठेवायचा? हे अँग्विलाच्या मतदारांनी निवडलेले ११ जण ठरवतील.

इथेच आपण सुरुवातीच्या 'जवळजवळ' या शब्दाशी पुन्हा येतो. हाती पैसा नसताना लंडनचा शब्द जड होता. २०११ मध्ये तर अँग्विलाच्या अर्थसंकल्पाला गव्हर्नरनं लगेच मंजुरी दिली नव्हती, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उघडपणे स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले होते. स्वतःचं उत्पन्न वाढलं की मतदाराच्या मताचं वजनही वाढतं. राज्यघटनेतलं एक अक्षर न बदलता हे घडू शकतं. स्वशासन कागदावर किती लिहिलंय याच्याइतकंच ते तिजोरीवर अवलंबून असतं, आणि ही गोष्ट आपल्या ग्रामपंचायतींनाही चांगली ठाऊक आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण कॅरिबियनमधल्याच, पण फ्रान्सच्या अखत्यारीतल्या बेटांकडे वळू. तिथले लोक थेट पॅरिसच्या संसदेत खासदार पाठवतात. यातली कोणती व्यवस्था लोकांच्या जास्त हाताशी आहे, याचा तोवर विचार करून ठेवा.