ओलीचा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या पर्जन्याची वार्षिक सरासरी काढून ती दप्तरात नोंदविणे हे कारकुनाच्या अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु त्या आकड्यावर विसंबून शेती करू पाहणाऱ्या मनुष्याला त्या जिल्ह्यात कोठेही सुखाने नांदता येईल असे वाटत नाही. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वराच्या माथ्यावर, वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, दहिवडी-म्हसवडच्या माळावर, तो कित्येक वर्षी पाचशे मिलिमीटरांचाही पल्ला गाठीत नाही. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे सह्याद्री चढताना थंडावतात, आपला बहुतेक भार घाटमाथ्यावर उतरवितात आणि पूर्वेच्या उतारावरून खाली येताना तापून कोरडे होतात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोले, मंगळवेढे, करमाळे, कर्जत, जामखेड, आष्टी असा जो पट्टा सह्याद्रीच्या पाठीशी पडला आहे, त्याच्या दैन्याचे आणि त्याच्या शहाणपणाचेही मूळ या एका भौगोलिक वस्तुस्थितीत आहे.

पाऊस कमी, एवढेच म्हणून थांबले तर मात्र या प्रदेशाची निम्मीच हकीकत सांगितल्यासारखे होईल. सोलापुरास वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आगेमागे पाऊस पडतो, आणि ज्वारीसारख्या काटक पिकाला एवढे पाणी, ते वेळच्या वेळी मिळाले तर, पुरून उरावे. अडचण वेळेची आहे. जूनमध्ये मृगाच्या दोनचार सरी पडतात, रान हिरवे होते, आणि मग जुलै-ऑगस्टात, ज्या दिवसांत कोकणात घराबाहेर पाऊल टाकवत नाही नेमक्या त्याच दिवसांत, या पठारावर ढग नुसते डोक्यावरून पूर्वेकडे वाहत राहतात. मान्सूनचा आस उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की बिहार-आसामातल्या नद्यांना पूर येतात आणि दख्खनचे पठार दोन-दोन, तीन-तीन आठवडे कोरडे पडते. पुढे मोसमी वाऱ्याचा जोर ओसरू लागला म्हणजे बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे आणि दुपारी दाटून येणाऱ्या गडगडाटी ढगांमुळे पुन्हा पाऊस होतो, आणि सोलापूरच्या पर्जन्याचा सर्वांत मोठा महिना सप्टेंबर ठरतो. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर बसणारी ही ओढ या हवामानाचा स्वभावच आहे.

शेतकऱ्याने तो स्वभाव वेधशाळा निघण्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. सूर्यनक्षत्रांवरून तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा पाडून त्याने पावसाळ्याची जी मोजणी बसविली, तीत जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागणारे मृग हे पेरणीचे, पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’, पुष्याचा ‘म्हातारा’, आणि सप्टेंबरच्या अखेरीस लागणारा हस्त हा रब्बीचा भाग्यविधाता. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव यावरून पंचांगकर्ते जे भाकीत वर्तवितात त्यावर माझा विश्वास नाही. परंतु कोणते काम कोणत्या पंधरवड्यात उरकले नाही तर ते पुढे व्यर्थ ठरते, याचे वेळापत्रक म्हणून नक्षत्रमालेची योग्यता नाकारता येत नाही.

या वेळापत्रकाचा गाभा असा, की हलक्या, मुरमाड जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा अशी थोडक्या दिवसांची आणि थोडक्या पाण्यात भागविणारी पिके खरिपात घ्यावीत, आणि खोल काळी जमीन मात्र पावसाळाभर मोकळी ठेवावी. ज्याने विदर्भाची किंवा कोकणाची शेती पाहिली आहे त्याला भर पावसाळ्यात उघडी पडलेली ही शेकडो एकरांची काळी राने पाहून आळसाची शंका येते. इंग्रजी अमदानीतील काही अंमलदारांनाही ती आली असावी. वस्तुतः त्या महिन्यांत शेतकरी ओलीचेच पीक घेत असतो. एक मीटर खोलीची काळी जमीन पिकाला वापरता येईल असे दीड-दोनशे मिलिमीटर पाणी आपल्या पोटात साठवून ठेवू शकते. तेव्हा पडेल त्या सरीनंतर वाफसा येताच कुळवाची पाळी द्यावयाची, तण उगवू द्यावयाचे नाही, जमिनीचे तोंड मोकळे ठेवावयाचे, आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास पाभरीने ज्वारी पेरून तिला या साठ्यावर माघ-फाल्गुनापर्यंत जगवावयाचे, असा हा सारा व्यवहार आहे. पेरणीनंतर पाऊस येवो न येवो, पिकाचे निम्मे भवितव्य जमिनीखाली आधीच ठरून गेलेले असते. उरलेले निम्मे कोळप्याच्या हाती. थंडीत काळी जमीन भेगाळू लागली म्हणजे त्या भेगांतून ओल उडून जाते आणि पिकाच्या मुळ्या तुटतात. म्हणून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यांच्या सुमारास कोळपणी करून वरचा दोन-तीन बोटांचा थर भुसभुशीत राखावयाचा, की तो भेगा बुजवितो आणि खालच्या ओलीवर पांघरुणासारखा पडून राहतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे बोलणे खेडोपाडी ऐकू येते ते उगीच नव्हे.

या परंपरेला शास्त्राची जोड देण्याचा पहिला यत्न पुण्याजवळच्या मांजरी येथे १९२३ साली झाला, आणि १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे स्वतंत्र संशोधन सुरू झाले. त्या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून जी आकारास आली, आणि न. वि. कानिटकर यांच्या १९४४ च्या ग्रंथात जिचे सविस्तर विवेचन आढळते, तिची अंगे म्हणजे बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, बियाण्याचे प्रमाण कमी करून ओळींत दीड फुटाचे अंतर, आणि वारंवार कोळपणी. या पद्धतीने उत्पन्न वाढले. पण ते पंधरा-वीस टक्क्यांपलीकडे फारसे जाईना, आणि ज्याचे मूळ उत्पन्नच एकरी दोन-तीन मण, त्याला एवढ्या वाढीसाठी बैल, मजूर आणि बांध यांचा खर्च पेलणे कठीण झाले. तरीही त्या संशोधकांनी जे एक वैगुण्य हेरले ते महत्त्वाचे होते: पावसाळाभर उघड्या ठेवलेल्या काळ्या रानातून पाण्याबरोबर मातीही वाहून जाते, आणि ओल साठविण्याच्या खटपटीत ओल धरणारी वस्तूच आपण गमावून बसतो. १९४२ चा मुंबईचा जमीन सुधारणा योजना कायदा आणि त्याच्या अंमलात पुढे झालेली बांधबंदिस्तीची कामे यांच्यामागे हीच जाणीव आहे.

मंगळवेढ्याचे नाव काढल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. दुष्काळात बादशहाचे धान्याचे कोठार रयतेस लुटवून देणाऱ्या दामाजीपंतांची आणि त्यांचे देणे विठू महाराच्या रूपाने चुकते करणाऱ्या विठ्ठलाची कथा ज्या गावची, त्याच गावच्या शिवारातील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हा योग मला मोठा समर्पक वाटतो. या भागातील मालदांडी ज्वारी, आणि तिच्यातून मोहोळ येथे निवड करून १९३० च्या दशकात तयार झालेले ‘एम ३५-१’ हे वाण, पुढे अनेक नवी वाणे निघूनही शेतकऱ्याच्या मनातून उतरलेले नाही. मोत्यासारखा टपोरा दाणा हे त्याचे एक कारण. दुसरे आणि कदाचित अधिक वजनदार कारण म्हणजे तिचा कडबा. जेथे पावसाचा भरवसा नाही तेथे धान्य बुडाले तरी हाती वैरण राहिली पाहिजे, कारण वैरण नसली की खिलार बैलजोडी बाजाराला जाते, आणि बैलजोडी गेली की पुढच्या वर्षी पाऊस येऊनही पेरणी वेळेवर होत नाही. धनगरांनी मात्र या प्रश्नाला निराळेच उत्तर शोधले. पाऊस आपल्याकडे येत नसेल तर मेंढरे घेऊन आपण चाऱ्यामागे चालत जावे, हे ते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे त्यांचे वाडे आजही घाटरस्त्यांवर भेटतात.

सरकारी व्यवहाराने मात्र या असमतेकडे प्रारंभापासून सरासरीच्या चष्म्यातून पाहिले. प्रिंगल या इंग्रज अंमलदाराची सारा-आकारणी फसल्यावर १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी जमाबंदी बसविली, तिने सारा हलका केला हे खरे. परंतु तो तीस वर्षांसाठी रोख ठरविताना, चांगल्या सालातील शिल्लक वाईट सालाचा खड्डा भरून काढील असे गृहीत धरले. शिल्लक राहत होती, पण ती रयतेच्या बळदात राहत नव्हती. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात सावकारांची खतपत्रे जाळली गेली त्याच्या पुढच्याच साली पाऊस दगावला आणि १८७६-७८ चा महादुष्काळ उभा राहिला, हा क्रम बोलका आहे. नंतर १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईची, म्हणजे सरकारी शेतीकर्जाची, सोय झाली, सारा-तहकुबीचे आणि माफीचे नियम झाले, सुमारे नव्वद वर्षांनी १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना जन्मास आली. त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी आणि मिलो या परदेशी ज्वारीच्या भाकरीने महाराष्ट्र जगविला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. मात्र हे सारे उपाय हंगाम बुडाल्यानंतरचे होते. गावच्या पिकाचा सरकारी अंदाज, म्हणजे पैसेवारी, पन्नास पैशांच्या खाली आली की दुष्काळ, हा दंडक खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होईपर्यंत वाट पाहावयास लावी, आणि तोवर शेतकऱ्याचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असे.

अलीकडे या दृष्टीत पालट होऊ लागला आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाची तूट, पावसातील खंड, जमिनीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती यांना स्थान मिळाले. त्याच वर्षीच्या पीक विमा योजनेत हंगामाच्या मध्येच पीक निम्म्याहून अधिक हातचे जाण्याची चिन्हे दिसली तर नुकसानभरपाईचा चौथा हिस्सा आगाऊ देण्याची तरतूद आली, आणि आपल्या राज्यात २१ दिवसांचा खंड ही त्याची ठळक कसोटी म्हणून सर्वतोमुखी झाली. कल्पना उत्तम होती, परंतु हवामानशास्त्राच्या परिभाषेत अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो दिवस पावसाचा ठरतो, आणि वीस दिवस तापलेल्या जमिनीवर पडलेले अडीच मिलिमीटर पाणी वरची धूळ भिजवून संध्याकाळच्या आत उडून जाते. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी, आणि सर पडली ती पलीकडच्या शिवारात, हा प्रकार निराळाच.

दुसरीकडे शेतकऱ्याने स्वतःच आपले वेळापत्रक बदलले आहे. बार्शीपासून लातूरपर्यंत जेथे पूर्वी रब्बीसाठी राने राखली जात तेथे आज जूनमध्ये सोयाबीन पडते, कारण तीन-साडेतीन महिन्यांत रोकड हाती येते आणि ज्वारी काढावयास मजूर मिळत नाहीत. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार निदान शहरात बसून ज्वारीच्या भाकरीचे गोडवे गाणाऱ्याला नाही. परंतु ज्या महिन्यांची ओढ जुन्या क्रमाने मोकळ्या रानावर झेलली, ती आता फुलोऱ्यातल्या पिकावर येऊन पडते. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या वर्षी राज्यात प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात सीनाकाठची गावेच्या गावे पुराच्या पाण्यात गेली. या दोन टोकांमध्ये उभ्या पिकाला सावरण्याचे उपाय नाहीत असे नव्हे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज चाड्यावर मूठ धरू नये म्हणजे दुबार पेरणी टळते. जुलैचा मध्य उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळावे. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ ठेवली तर एक पीक जुलैचा पाऊस वेचते आणि खोल मुळांचे दुसरे सप्टेंबरचा. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरले तर सरीत पाणी मुरते आणि अतिवृष्टीत तेच पाणी निघूनही जाते. आणि ओढ लांबलीच तर विरळणी करून, कोळपे धरून, पोटॅशियम नायट्रेटची फवारणी देऊन आठ-दहा दिवस काढता येतात. त्यापुढे पाणीच लागते.

आणि पाणी म्हटले की प्रश्न त्याच्या वाटणीचा येतो. १९७२ नंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला तेव्हा माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मज्जाव, असे नियम त्यांनी घातले होते. आज गावोगाव शेततळी झाली आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांत पावसाचे वाहते पाणी न धरता बोअरचे उपसलेले पाणी प्लॅस्टिकवर साठविले जाते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा एका तळ्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. ज्वारी पोटरीत असताना सहा सेंटिमीटरांची एकच पाळी द्यावयाची तर हेक्टरी सहा लाख लिटर लागतात. म्हणजे बाष्पीभवनाची घट सोडली तर एका तळ्यावर तीन हेक्टरांची ज्वारी हाती येते. उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरांच्या घरात पाणी लागते, आणि तेच तळे त्याच्या जेमतेम दहा गुंठ्यांना पुरते.