प्रकाशबाधित बिअर

सूर्यप्रकाश किंवा कृत्रिम प्रकाश लागल्यामुळे जिचा मूळ गंध व चव बिघडली आहे, अशा बिअरला प्रकाशबाधित बिअर म्हणतात. इंग्रजीत या दोषास ‘लाइटस्ट्रक’ आणि बोलीभाषेत ‘स्कंकी’ असे शब्द आहेत. हॉप या वेलीच्या फुलोऱ्यापासून बिअरमध्ये उतरलेली कडू द्रव्ये प्रकाशामुळे भंग पावतात व त्यांपासून उग्र वासाचे एक गंधकयुक्त संयुग तयार होते. ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात असते की विषारी ठरत नाही. मात्र एकदा निर्माण झालेला हा दोष दूर करता येत नाही. म्हणूनच बिअरच्या बाटलीचा रंग हा केवळ सजावटीचा विषय नसून पेयाच्या रक्षणाचा विषय आहे.

गंधाचे स्वरूप

स्कंक हा अमेरिका खंडांतील एक सस्तन प्राणी असून स्वसंरक्षणासाठी तो अत्यंत दुर्गंधी द्रव फवारतो. प्रकाशबाधित बिअरमधील संयुग आणि या द्रवातील काही संयुगे रासायनिक दृष्ट्या जवळची आहेत. ‘स्कंकी’ हे नाव त्यावरूनच पडले. स्कंक भारतात आढळत नाही, त्यामुळे येथील वाचकास ही उपमा अपरिचित वाटते. जळके रबर किंवा करपलेला लसूण यांच्या वासावरून या गंधाची कल्पना येऊ शकते. स्वयंपाकाच्या गॅसची गळती लक्षात यावी म्हणून त्यात मिसळले जाणारे इथाइल मरकॅप्टन हे द्रव्यही ‘थायॉल’ याच गंधकयुक्त कुळातील आहे.

या कुळातील संयुगांचा वास माणसाच्या नाकाला विलक्षण तीव्रतेने जाणवतो. प्रकाशबाधित बिअरमधील संयुग एका लिटरमध्ये केवळ काही नॅनोग्रॅम असले तरी ओळखू येते. लिटरला ४ नॅनोग्रॅम हे प्रमाण धरले, तर २५ लाख लिटर पाण्याच्या ऑलिंपिक आकाराच्या तलावात अवघे १० मिलिग्रॅम द्रव्य मिसळण्यासारखे ते होय.

संशोधनाचा इतिहास

प्रकाश आणि बिअरचा बिघडलेला वास यांचा संबंध जर्मन मद्यनिर्मिती-शास्त्रज्ञ कार्ल लिंटनर यांनी १८७५ मध्ये नोंदवला. त्यामागील रसायनशास्त्र उलगडण्यास मात्र बराच काळ जावा लागला. १९६० च्या दशकात जपानी संशोधक कुरोइवा व त्यांचे सहकारी यांनी या वासास कारणीभूत असणारे संयुग आणि त्याच्या निर्मितीचा मार्ग यांविषयी महत्त्वाचे संशोधन केले. २००१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ व बेल्जियममधील घेंट विद्यापीठ येथील संशोधकांनी या अभिक्रियेत निर्माण होणाऱ्या अल्पजीवी मूलकांचा प्रत्यक्ष वेध घेऊन तिचे टप्पे अधिक स्पष्ट केले.

रासायनिक प्रक्रिया

बिअर तयार करताना माल्टचा अर्क हॉपसह उकळतात. या उकळण्यात हॉपमधील अल्फा आम्लांचे रूपांतर आयसो-अल्फा आम्लांत होते. बिअरचा कडवटपणा प्रामुख्याने या आम्लांमुळे येतो आणि तिचा फेस टिकण्यासही त्यांचे साहाय्य होते. दोषाचे बीजही याच द्रव्यांत असते.

आयसो-अल्फा आम्ले स्वतः दृश्य प्रकाश फारसा शोषत नाहीत. ते काम बिअरमध्ये अल्प प्रमाणात असणारे रायबोफ्लेविन, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व, करते. हे जीवनसत्त्व निळा प्रकाश शोषून उत्तेजित होते व आयसो-अल्फा आम्लाच्या रेणूशी अभिक्रिया करते. त्यामुळे त्या रेणूची एक शाखा तुटते. तुटलेल्या भागातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडून पाच कार्बन अणूंचे मूलक उरते. बिअरमधील गंधकयुक्त अमिनो आम्ले व प्रथिने यांच्यापासून मिळालेल्या गंधकाशी त्याचा संयोग झाला की ३-मिथिल-२-ब्युटीन-१-थायॉल हे संयुग तयार होते. हॉपचा कडूपणा, रायबोफ्लेविन, गंधक आणि प्रकाश या चारही गोष्टी एकत्र आल्याशिवाय हा दोष उद्भवत नाही. त्यांपैकी पहिल्या तीन बिअरमध्ये मुळातच असल्याने प्रकाश अडवणे हाच सर्वांत सोपा उपाय ठरतो.

बाटलीचा रंग

या अभिक्रियेस मुख्यतः ३५० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील पट्ट्याच्या कडेपासून निळ्या रंगापर्यंतचा प्रकाश कारणीभूत होतो. म्हणून काचेचे मूल्यमापन ती हा पट्टा किती अडवते यावरून करावे लागते.

• तपकिरी काच : लोह, गंधक व कार्बन यांच्यामुळे हा रंग येतो. ही काच घातक पट्ट्याचा बहुतांश भाग शोषते. प्रकाशाने बिघडणारी औषधे तपकिरी बाटल्यांत भरतात, तीही याच कारणाने. तथापि हे संरक्षण पूर्ण नसते; दीर्घकाळ उन्हात राहिलेली तपकिरी बाटलीतील बिअरही बिघडते.
• हिरवी काच : हिच्यातून निळ्या प्रकाशाचा बराच भाग आत जातो. हाइनेकेनसारख्या युरोपीय बिअरची ओळख हिरव्या बाटलीशी जोडली गेली आहे. परंतु संरक्षणाच्या दृष्टीने ही काच तपकिरी काचेहून कमी प्रतीची आहे.
• रंगहीन काच : ही काच दृश्य प्रकाश जवळजवळ अडवत नाही. अशा बाटलीतील किंवा पेल्यातील बिअर कडक उन्हात काही मिनिटांतच बाधित होऊ शकते.

धातूचे डबे व पिंपे यांतून प्रकाश मुळीच आत जात नाही, म्हणून त्यांतील बिअरला हा दोष लागत नाही. अर्थात ती पेल्यात ओतून उन्हात ठेवली, तर हे संरक्षण संपते.

प्रतिबंधक उपाय

बाटल्या बंद खोक्यात व अंधारात ठेवणे हा साधा उपाय आहे. दुकानातील काचेच्या दाराचे शीतकपाट बिअर थंड ठेवते, पण आतील दिव्यांच्या प्रकाशापासून तिचे रक्षण करत नाही. पांढऱ्या एलईडी दिव्याच्या प्रकाशातही निळा घटक ठळक असतो. निर्मात्याने निर्दोष पाठवलेली बिअर अशा प्रकारे विक्रीच्या फळीवर बिघडू शकते आणि दोष मात्र निर्मात्याच्या माथी येतो.

दुसरा उपाय रासायनिक आहे. हॉपच्या अर्कावर हायड्रोजनाची प्रक्रिया करून आयसो-अल्फा आम्लांची रचना बदलता येते. अशा आम्लांपासून हे दुर्गंधी संयुग तयार होत नाही. १९०३ पासून विकली जाणारी अमेरिकेतील मिलर हाय लाइफ ही बिअर रंगहीन बाटलीत मिळते. तिच्यात अशा प्रक्रिया केलेल्या हॉप-अर्काचा वापर केला जातो.

इतर दोषांपासून वेगळेपण

बिअरचा कोणताही बिघाड प्रकाशामुळेच होतो असे नाही. ऑक्सिजनशी संयोग झाल्याने जुन्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. उष्णतेमुळे ही क्रिया वेगाने होते. जंतुसंसर्ग झाल्यास बिअर आंबट किंवा गढूळ होऊ शकते. थंड केलेली बिअर कोमट होऊन पुन्हा थंड केल्याने ‘स्कंकी’ होते, हा समज चुकीचा आहे. उष्णतेने बिअर लवकर शिळी होते, परंतु स्कंकसारखा वास येण्यास प्रकाशच लागतो. फरक पडताळण्यासाठी एकाच बाटलीतील बिअर दोन पेल्यांत ओतून एक पेला उन्हात व दुसरा सावलीत झाकून ठेवतात. काही वेळाने दोन्हींचा वास घेतला असता भेद स्पष्ट होतो.

इतर पेयांतील प्रकाशदोष

रायबोफ्लेविन दुधातही भरपूर असते. रंगहीन बाटलीतील दूध उन्हात राहिल्यास मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे विघटन होऊन दुधाला अप्रिय वास येतो. फ्रान्समधील शँपेनमध्येही असा दोष उद्भवतो. १८७६ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी निर्माण केलेली ‘क्रिस्टल’ ही शँपेन पारदर्शक बाटलीत मिळते. प्रकाशापासून रक्षण व्हावे म्हणून त्या बाटलीभोवती रंगीत सेलोफेन गुंडाळलेला असतो.