तीन भागिले दोन किती?

आमच्या प्रयोगशाळेत एकदा जुनी मोजमापे पुन्हा तपासायची वेळ आली. आकडे तेच, आज्ञावलीही तीच, पण सरासऱ्या काही जुळेनात. निम्मा दिवस आम्ही उपकरणालाच दोष देत होतो. दोष होता भागाकाराचा. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ३ भागिले २ चे उत्तर १ येते (पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकातच!), तिसऱ्या आवृत्तीत १.५. खात्री करायची तर दोन्ही पायथन एकाच संगणकावर नांदायला हवेत.

आपण 'पायथन' असे टंकतो तेव्हा नेमका कोणता पायथन चालतो? आपली आज्ञा वाचणाऱ्या शेलपाशी कप्प्यांची एक यादी असते. तिला 'पाथ' म्हणतात. शेल हे कप्पे क्रमाने धुंडाळतो आणि त्या नावाची चालवता येणारी फाईल प्रथम जेथे सापडेल तेथेच थांबतो. पुढच्या कप्प्यात दुसरा पायथन असला तरी तिकडे तो पाहतही नाही.

एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली उट्रेख्ट विद्यापीठातील प्रबंधात मांडलेली 'निक्स' ही पद्धत याच यादीचा फायदा घेते. निक्समध्ये प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र कप्पा, आणि कप्प्याच्या नावाआधी ३२ अक्षरांची खूण. पॅकेज ज्या सामग्रीपासून घडते तिच्यावरून ही खूण गणिताने काढतात. सामग्रीत काही बदलले की खूण बदलते, म्हणजे कप्पाही निराळा. (खुणेत ई, ओ, टी, यू ही रोमन अक्षरे येत नाहीत. चुकून अपशब्द तयार होऊ नये म्हणून!)

वेगळा शेल उघडताना निक्स हव्या त्या पॅकेजच्या 'बिन' कप्प्याचा पत्ता यादीच्या अग्रभागी लावते. फाईल जागची हलत नाही. शेल बंद केला की ती यादीही संपते. मात्र एरवी जुनी यादी मागे शिल्लकच असते, त्यामुळे सांगायचे राहिलेले पॅकेज बाहेरून गुपचूप मिळते आणि आपली चूक झाकली जाते. 'प्युअर' पर्याय दिला तर ही पळवाट बंद होते.

शेलचे वर्णन लिहिताना 'पॅकेजेस' या रकान्यात नाव घातले तर पॅकेज चालवता येते. 'इनपुट्स फ्रॉम' मध्ये घातले तर ते घडवायला लागणारे साहित्य तेवढे मिळते. पुरणपोळी मागावी आणि पुढ्यात डाळ, गूळ, कणीक यावी, तसे. आम्ही नेमके हेच केले आणि 'आज्ञा सापडली नाही' हा निरोप बराच वेळ वाचत बसलो.

अखेर दोन शेल तयार झाले. पहिल्यात जुन्या सरासऱ्या जशाच्या तशा आल्या. चूक त्यांचीच होती. छापून गेलेला एक तक्ता आम्हांला दुरुस्त करावा लागला.