जुन्या कोयत्याला नवी धार

दसरा जवळ आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. कळंब, वाशी, भूम या भागांतली कितीतरी माणसे ऊसतोडणीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी कर्नाटकात. मुकादम टोळी मोजतो तेव्हा माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

ज्याच्या नावाने आपली मोजदाद होते, ते हत्यार घरात कसे पडलेले असते? उन्हाळ्यात गावी आल्यावर ते आढ्याला खोचले. मग पावसाळा आला. आता काढून बघावे तर पात्यावर लाल गंज, धारेला दाते आणि मूठ खुळखुळते आहे. मग माणूस म्हणतो, "चला, बाजारात नेऊन पाजवून आणू." तिथे विजेवर फिरणारे चाक असते. भराभर ठिणग्या उडतात. पाच मिनिटांत धार लागते आणि माणूस खुशीत घरी येतो. आठ दिवस फडात काम केले की तीच धार वळते. मग तो कोयत्याला दोष देतो.

दोष कोयत्याचा नसतो. आपल्याकडचे पुष्कळ कोयते मोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यांपासून घडवतात. हे पोलाद चांगले असते. लोहार ते तापवतो, ठोकतो आणि शेवटी त्याला पाणी देतो. त्या पाण्यानेच धार कडक होते. फिरत्या चाकावर धार दाबून धरली की पातळ काठ क्षणात तापतो. आधी गवतासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि निळा. निळा रंग आला म्हणजे तिथे जवळजवळ ३०० अंश उष्णता झाली. इतक्या उष्णतेने काठाचा कडकपणा कमी होतो. लोहाराचे पाणी उतरते. नंतर थंड पाण्यात बुडवून ते परत येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कोयता घरी, हाताने, सावकाश घासावा. हाताने घासताना पाते फार तर कोमट होईल.

हे काम दुपारभराचे आहे. खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन पुजतो. त्याच्या दोनचार दिवस आधी ते काढावे.

आधी कोयता नीट बघा. मूठ हलत असेल तर काढून ठेवा. पाते दोरीने टांगा आणि त्यावर लाकडाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर पाते धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असेल. चीर पडलेले पाते घासत बसू नका. ते फडात तुटून उडते. ते लोहाराला दाखवा.

आता गंज. पात्यावर वाळलेला उसाचा रस असतो. तो आंबतो आणि लोखंड खातो. म्हणून आधी गरम पाण्याने पाते धुवा, पुसा, उन्हात वाळवा. मग धारेवर जाड गोणपाट गुंडाळा. पाते फळीवर ठेवून दोरीने घट्ट बांधा. गंजावर थोडे रॉकेल लावून रात्रभर ठेवा. चूल, दिवा, विडी यांच्यापासून ते लांब असू द्या. सकाळी विटेची बारीक भुकटी घ्या आणि ओल्या गोणपाटाच्या बोळ्याने घासा. दुकानात पॉलिश पेपर मिळतो. त्याच्या पाठीवर आकडा असतो. आकडा लहान तर कागद खरखरीत, आकडा मोठा तर बारीक. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२० असे घेतले की पुरे. काही जण चिंच लावून ठेवतात. चिंचेने गंज सुटतो हे खरे, पण फार वेळ ठेवली तर ती लोखंडही खाते. अर्ध्या तासात धुऊन टाका.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. पात्यावर भट्टीतली काळी कात असते. ती घट्ट बसलेली असेल तर काढू नका. लाल गंज लोखंड खातो. ही काळी कात त्याला थोडेफार राखते. सगळे पाते आरशासारखे करायची हौस कोणाला असते. त्या चकचकीत पात्यावर गंज लवकर धरतो. कोयता लग्नाला न्यायचा नाही!

आता धार लावू. धारेवरचे गोणपाट काढा. पाते फळीला बांधलेलेच असू द्या, धार तुमच्यापासून पलीकडे. दाते मोठे असतील तर आधी कानस घ्या. कानस पुढे ढकलताना दाबा, मागे आणताना उचला. मागेपुढे नुसती घासली तर कानसच बोथट होते. सगळे दाते एका दिवसात काढायचे म्हणून खूप लोखंड उतरवू नका. एखादा खोल दाता राहिला तर राहू द्या. पुढच्या वर्षी तो आपोआप कमी होईल. उतरवलेले लोखंड परत चढत नाही.

मग धारेचा दगड. त्याची एक बाजू खरबरीत, दुसरी मऊ असते. दगड भिजवून घ्या. पाते किती कलते धरायचे? पाते दगडावर आडवे ठेवा. पाते तीन बोटे रुंद असेल तर त्याची पाठ एक बोट उचला. हा कल उसाला चालतो. याहून चपटे धरले तर धार तलम होते, पण उसाच्या कांडीवर वळते. जिथे पात्याला बाक आहे तिथे पाते हलवू नका, दगड हातात घेऊन फिरवा.

कल बरोबर आहे की नाही हे कसे कळायचे? दिव्याची काजळी धारेला लावा. दगडावर दोनदा घासा. काजळी अगदी काठापर्यंत गेली तर कल ठीक. काठावर काळी रेघ उरली तर पाठ थोडी उचला. वरच्या बाजूचीच गेली, असे दिसले तर तुम्ही नुसते पाते घासता आहात, धार नव्हे.

एका बाजूने घासत गेले की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सारखी लागली की बाजू बदला. शेवटी दगडाची मऊ बाजू घ्या आणि हलक्या हाताने दोन्हीकडून आळीपाळीने घासा. खरखर नाहीशी झाली की धार झाली. अंगठा फिरवून बघू नका. कडब्याचे ताट घ्या. एका झटक्यात, न चेंगरता तुटले पाहिजे.

एवढी खटपट कशाला, असे कोणी विचारील. उसाच्या बुडख्यात साखर जास्त असते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बोथट कोयत्याने दोनदोन घाव घालावे लागतात, खोड फुटते आणि खोडवा नीट येत नाही. मालक बोलतो ते वेगळेच. दिवसभरात किती वेळा हात उचलायचा! एकेक घाव वाचला तर संध्याकाळी खांदा सांगतो.

मुठीला बाभळीचे वाळलेले लाकूड चांगले. ओले घेतले तर नंतर सुकून मूठ सैल होते. पात्याचे टोक लाल करून लाकडात बसवतात, ही जुनी रीत आहे. पण तसे करताना बाकीचे पाते ओल्या गोणपाटात गुंडाळा, नाहीतर धारेचे पाणी उतरेल. मूठ घासून गुळगुळीत करा आणि जवसाचे तेल चोळा. एक दिवस वाळू द्या, परत चोळा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेटू शकते. ती बाहेर पसरून वाळवा.

मूठ ज्याच्या हातात जायची त्याच्या मापाची करा. एक कोयता म्हणतात, पण हात दोघांचे असतात. बाईला नवऱ्याचा टाकलेला कोयता मिळतो, जाड मुठीचा. तिची बोटे पुरत नाहीत, पकड सुटते आणि कोयता पायावर येतो. तिच्या हातात लाकूड देऊन माप घ्यावे.

कापलेच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. माती, रॉकेल लावू नका. गंजाने धनुर्वात होतो असे म्हणतात. तो गंजाने नव्हे, मातीतल्या जंतूने होतो. म्हणून चकचकीत कोयत्याने कापले तरी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले पाहिजे का, ते विचारा.

शेवटी पात्याला करडईच्या तेलाचा पातळ हात द्या. फडातून आल्यावर रोज पाते धुऊन, पुसून, पुन्हा तेलाचा हात द्यावा. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून धारेवर चढवा आणि सुतळीने बांधा. ट्रकमध्ये भांडी, बोचकी आणि पोरे एकाच ढिगात बसतात. कोयता त्यांच्यातच असतो.