घरांची पाहणी: प्रश्न बदलताना

नोव्हेंबर 2019 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 76व्या फेरीचा अहवाल आला. विषय होता पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि घरांची स्थिती. जुलै ते डिसेंबर 2018 या सहा महिन्यांत देशभरातल्या 1,06,838 कुटुंबांकडे जाऊन ही माहिती गोळा केली होती. ग्रामीण भागातल्या 71.3 टक्के कुटुंबांना शौचालय उपलब्ध आहे, असं त्यात दिसलं. त्याच्या दोन महिन्यांच्या आतच, 2 ऑक्टोबरला, ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली होती. साहजिकच आकड्यावरून वाद पेटला.

मला त्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो सांख्यिकी कार्यालयानं स्वतःच केलेला खुलासा. सरकारी योजनांचा लाभ मिळाला का, हा प्रश्न शौचालयाच्या प्रश्नाच्या आधी विचारला गेला होता. त्यामुळे उत्तरं एका बाजूला झुकलेली असू शकतात, असं कार्यालयानं नमूद केलं. असं का व्हावं, ते गावात राहिलेल्या कुणालाही कळेल. अनोळखी सरकारी माणूस ओट्यावर बसून आधी अनुदानाचं विचारतो, मग लगेच ‘शौचालय आहे का?’ म्हणतो. घरच्यांना वाटतं, यादी चाललीय. ‘आहे’ म्हटलं तर पुढचं काही मिळायचं नाही. प्रश्न तोच, शब्द तेच. फक्त जागा बदलली तर उत्तर बदलू शकतं. आणि या उत्तरावर कोट्यवधींच्या योजनांचं यश-अपयश जोखलं जातं.

घरांची पहिली सविस्तर पाहणी ऑक्टोबर 1973 ते जून 1974 या काळात, 28व्या फेरीत झाली. पुढची थेट 1988-89 मध्ये. मग 1993, 2002, 2008-09, 2012 आणि 2018. एवढ्या वर्षांत देशातली घरं बदलली, तसे प्रश्नही बदलावे लागले. पण काही व्याख्या जपल्या, म्हणूनच तुलना शक्य झाली. ग्रामीण भागातली पक्क्या घरातली कुटुंबं 2012 मध्ये 65.8 टक्के होती, 2018 मध्ये 76.7 टक्के झाली, हे आपण विश्वासानं म्हणू शकतो, कारण ‘पक्कं’ म्हणजे काय, याची मोजपट्टी तीच राहिली.

ती मोजपट्टी मात्र नीट पाहायला हवी. भिंत आणि छप्पर दोन्ही पक्क्या साहित्याचं असेल तर घर पक्कं, एकच असेल तर निमपक्कं. पक्क्या साहित्याच्या यादीत सिमेंट, भाजलेल्या विटा आणि दगड आहेतच, पण कौलं, लोखंडी पत्रा, ॲस्बेस्टॉसचा पत्राही आहे. म्हणजे चारी बाजूंनी पत्रे ठोकलेली, वैशाखात भट्टीसारखी तापणारी खोली पक्की ठरते. मराठवाड्यातलं दगडी भिंतीचं, वर माती पसरलेलं माळवदाचं घर उन्हाळ्यात गार राहतं, ते निमपक्कं. पण माळवद सुरक्षित, असंही कुणी म्हणू नये. 49व्या फेरीची पाहणी जून 1993 मध्ये संपली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर कोसळून हजारो माणसं गेली. दगड पक्क्यांच्या यादीत होता. तो कशानं सांधलाय, यावर जीव अवलंबून होता. 2011 च्या जनगणनेत दगडी भिंतींचे दोन प्रकार केले गेले, चुन्या-सिमेंटनं सांधलेल्या आणि न सांधलेल्या. हा बदल मला आदर्श वाटतो. जुना ‘दगड’ हवा असेल तर दोन्ही आकडे मिळवले की तो परत मिळतो. नवं कळतं आणि जुनंही हरवत नाही.

सगळेच बदल असे सोपे नसतात. प्रश्नाची रचनाच बदलायची असेल तर? याचं उत्तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जन्मापासून आपल्याकडे आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं 1950-51 मध्ये पहिली फेरी झाली, तेव्हा काही गावांत पुण्याच्या गोखले संस्थेनं तयार केलेली वेगळी प्रश्नपत्रिका वापरली गेली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी या ‘पुणे प्रश्नपत्रिकां’वर लिहिलेला अहवाल 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. विचारण्याची पद्धत हीच तपासून पाहायची गोष्ट आहे, ही दृष्टी तेव्हापासूनची.

पुढे नमुना पाहणीच्याच कुटुंबखर्चाच्या पाहणीत 51 ते 54 या फेऱ्यांमध्ये कुटुंबांचे दोन गट केले. एका गटाला गेल्या तीस दिवसांतला खर्च विचारला, दुसऱ्याला काही वस्तूंसाठी सात दिवसांतला. दोन पद्धतींतला फरक त्यामुळे स्वच्छ मोजता आला. 1999-2000 च्या 55व्या फेरीत मात्र खाण्यापिण्याच्या खर्चासाठी दोन्ही कालावधी एकाच कुटुंबाला, एकाच बैठकीत विचारले. सात दिवसांचं उत्तर दिलेला माणूस तीस दिवसांचं उत्तर त्याच्याशी जुळवून देतो, अशी शंका आली आणि देशातली गरिबी किती घटली, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद वर्षानुवर्षं चालला.

घरांच्या पाहणीत आता हात घालायलाच हवा अशा जागा बऱ्याच आहेत. 2002, 2012 आणि 2018 या तिन्ही पाहण्या जुलै ते डिसेंबरमध्ये झाल्या. भर पावसाळ्यात बीडच्या बाईला ‘वर्षभर पाणी पुरतं का?’ विचारायचं आणि तिनं टँकरचे दिवस आठवून सांगायचं. दसरा-दिवाळीनंतर त्याच गावातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. तिथल्या कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, त्यांचे महिने कसे जातात, हेही घरांच्या स्थितीचाच भाग आहे. पाहणी पूर्ण वर्षभर पसरलेली हवी, 2008-09 ची होती तशी. खर्च वाढेल, पण तो करावा.

शहरात अडचण वेगळी. नमुना निवडायला वापरतात ती गावांची यादी 2011 च्या जनगणनेतली, आणि पुण्या-मुंबईच्या कडेची गावं तर कधीच शहरं होऊन बसली आहेत. नव्या जनगणनेनंतर नमुना नव्यानं बेतता येईल, तेव्हा मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर अडणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही विचार व्हावा. चाळीतलं सामायिक शौचालय आणि पैसे देऊन वापरायचं सार्वजनिक शौचालय यांची वेगवेगळी नोंद आजवर होत आली आहे, ती कुठल्याही परिस्थितीत गाळू नये.

आणि 2018 चा तो वादग्रस्त क्रम? पुढच्या फेरीत योजनांचे प्रश्न सरळ शेवटी न्यावेत, पण सगळीकडे एकदम नव्हे. निम्म्या कुटुंबांना जुना क्रम, निम्म्यांना नवा, आणि कुणाला कोणता हे चिठ्ठी टाकून ठरवावं. दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे छापावेत. मग क्रमामुळे उत्तर किती झुकतं, हे अंदाजानं बोलावं लागणार नाही, आणि 71.3 हा आकडा नेमका कसा वाचायचा, तेही ठरवता येईल.