पाठीमागची पावले

सकाळी एस. टी.तून, आगगाडीतून अन् सायकलींवरून आसपासच्या खेड्यांतल्या मुली आमच्या तिरोड्यात शिकायला येतात. वर्गात हजेरी घेताना कधी एखाद्या नावाला उत्तर येत नाही. चार दिवस, आठ दिवस. मग कोणीतरी सांगते, "तिचं कॉलेज बंद केलं घरच्यांनी, सर." एकदा कारणही कळले. बसथांब्यापासून एक तरुण रोज तिच्या मागे येई. तिने धीर करून घरी सांगितले, आणि तिचेच शिकणे थांबले. तो मात्र थांब्यावर उभाच होता!

'मागे लागणे' हा आपण थट्टेचा विषय मानला. पडद्यावरचा नायक नायिकेची वाट अडवून गाणी म्हणू लागला की आपण सहकुटुंब हसलो. पण ह्याच विदर्भात, हिंगणघाटला, ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी काय घडले ते आठवा. कॉलेजकडे निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला, आधीपासून तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. दोन वर्षांनी, २०२२ साली, त्याच तारखेला न्यायालयाने गुन्हेगाराला जन्मठेप सुनावली.

प्रत्येक पाठलागाचा शेवट असा होत नाही, हे खरे. पण कोणत्या पाठलागाचा होईल, हे आधी कोण सांगणार?

पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ७८ वे कलम त्याला लागू होते. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाऊन संपर्क साधणे किंवा इंटरनेटवरील तिच्या व्यवहारावर पाळत ठेवणे, ह्याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय दंड.

मुलींनी काय करावे? 'नाही' हे एकदाच, पण स्वच्छ सांगावे. नंतर उत्तरे देत बसू नये. आलेले संदेश पुसू नयेत. दिवस, वेळ, ठिकाण वहीत टिपावे. घरी आणि एखाद्या शिक्षकाला सांगावे. प्रसंग ओढवलाच तर ११२ क्रमांक फिरवावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही.

परंतु खरी परीक्षा आपली, आईवडिलांची आहे. मुलगी सांगू लागली की "तू काय केलंस?" हा प्रश्न ओठांवर येतो. तो गिळून आधी म्हणावे, "बरं झालं सांगितलंस. तुझं कॉलेज बंद होणार नाही." एवढ्या एका आश्वासनाअभावी कितीतरी मुली मुकाट्याने सोसतात. आणि घरात मुलगा असेल, तर नकार म्हणजे नकारच, तो लाजेने दिलेला होकार नव्हे, हेही त्याला आपणच शिकवायचे.

फराळाला सारे घर एकत्र बसेल तेव्हा एकदा हा विषय काढाच. सुटी संपली की मी पुन्हा हजेरी घेईन. प्रत्येक नावाला उत्तर यावे, एवढीच माझी इच्छा आहे.