बर्फ जातो कुठे?

‘दारातला बर्फ आणि बागेतला ट्रॅक्टर’ हा विषय फलकावर वाचून काही जणांना वाटलं असेल की लिहिणाऱ्याची काहीतरी गफलत झाली. चिंचवडात कसला बर्फ? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तरी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

पण आपल्या या पट्ट्याचं बर्फाशी नातं आहे. एक तर अगदी जवळचं. झोजीला, रोहतांग इथला बर्फ कापून रस्ते मोकळे करणाऱ्या सीमा सडक संघटनेचं ग्रेफ केंद्र आपल्या दिघीला आहे. दुसरं नातं घराघरातलं. कमिन्सचं मूळ गाव इंडियानातलं कोलंबस, जॉन डिअरचं मुख्यालय इलिनॉयमधल्या मोलीनला, मोटारींचा सगळा पसारा डेट्रॉइटला. निगडी-आकुर्डीची किती मुलं तिकडे आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि लेकीचं बाळंतपण काही उन्हाळा बघून येत नाही! साठी-सत्तरीची माणसं जानेवारीत तिकडे जातात आणि सकाळी दार उघडतात तर गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट, ज्याला ते ड्राइव्हवे म्हणतात, ती नाहीशी झालेली असते.

आता थोडा हिशोब करू. वाट १५ मीटर लांब, दोन गाड्या मावतील अशी ५ मीटर रुंद, आणि बर्फ ३० सेंटिमीटर. साडेबावीस घनमीटर झाले. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरला तर सव्वादोन टन. म्हणजे आपला छोटा हत्ती तीनदा भरेल इतका. तोच बर्फ ओला असेल तर याच्या तिप्पटही होऊ शकतो. हे सगळं कामावर जायच्या आधी, अंधारात उचलायचं.

म्हणून यंत्र आलं. क्वेबेकमधल्या आर्थर सिकार नावाच्या माणसाने १९२५ साली स्वतःच्या चाकांवर चालणारा स्नोब्लोअर बनवला आणि १९२७ मध्ये पहिला विकला. धान्याच्या मळणी यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. ते पटण्यासारखं आहे, कारण तुमच्यापैकी ज्यांनी खेड-जुन्नरकडे गोठ्यातली कडबाकुट्टी पाहिली आहे त्यांना स्नोब्लोअर वेगळा समजावून सांगावाच लागत नाही. पुढे आडवा स्क्रू असतो, कारखान्यातल्या स्क्रू कन्व्हेयरसारखा. तो सावकाश फिरतो आणि दोन्ही बाजूंचा बर्फ मध्यभागी ओढतो. तिथे मागे एक पंखा वेगाने फिरत असतो. तो बर्फ वरच्या वळत्या नळकांड्यातून दूर फेकतो. कुट्टी वैरण फेकते, हा बर्फ फेकतो.

हेच यंत्र बागेच्या ट्रॅक्टरला पुढून जोडतात. हा ट्रॅक्टर आपल्या द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरपेक्षाही छोटा. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापायची पाती असतात, हिवाळ्यात ती काढून पुढे हा जबडा लावायचा. आपल्याकडे रोटाव्हेटर जसा पीटीओवर चालतो, तशी इथेही ताकद ट्रॅक्टरच्या इंजिनातूनच मिळते, बहुतेक पट्ट्याने. जबड्याचं वजन पुढे लटकलं की मागची चाकं हलकी होतात आणि गरगर फिरतात. म्हणून मागे वजनं बांधायची आणि चाकांना साखळ्या घालायच्या.

एक गोष्ट मात्र नवख्याला उलटी वाटते. इंजिन पूर्ण वेगात ठेवायचं आणि ट्रॅक्टर गोगलगायीसारखा चालवायचा. बर्फ किती लांब जाणार हे पंख्याच्या गतीवर ठरतं, तुमच्या घाईवर नाही. घाई केली की जबड्यात जास्त बर्फ कोंबला जातो, पंखा दमतो आणि नळकांडं तुंबतं.

शिअर बोल्टबद्दल चाकणच्या मंडळींना मी काय सांगणार! स्क्रूमध्ये दगड किंवा गोठलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा अडकला तर गिअरबॉक्स फुटू नये म्हणून एक बोल्ट मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. तो तुटला की चिडून तिथे कडक पोलादाचा बोल्ट ठोकणारे लोक सगळ्या देशांत आहेत. मोडणं हेच ज्याचं काम आहे, त्याला मजबूत करून आपण काय साधतो?

आता मूळ मुद्दा. या सबंध यंत्राने बर्फ नाहीसा होत नाही. एक कणही नाही. तो फक्त इथून उचलला जातो आणि तिथे पडतो. ‘साफ करणं’ हा शब्द आपल्याला फसवतो. आपण झाडलेला कचरा शेजारच्या दाराकडे सरकवतो तेव्हाही आपल्या लेखी अंगण स्वच्छच झालेलं असतं. पण स्नोब्लोअरच्या नळकांड्याला दिशा असते आणि ती दिशा तुम्ही हाताने ठरवता. मग ‘कुणीकडे?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

एकदा हे ध्यानात घेतलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला फेका, नाहीतर फेकलेलं तोंडावर येतं. वारा नसेल तर मधून सुरुवात करा आणि अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे टाका, म्हणजे तोच बर्फ दोनदा उचलावा लागत नाही. वाट खडीची असेल तर जबडा थोडा वर ठेवा, नाहीतर बर्फाबरोबर खडीही उडते, आणि तिच्या वाटेत शेजाऱ्याची काच असते.

सगळ्यात दुःखाची जागा म्हणजे वाटेचं तोंड. तुम्ही तासभर खपून वाट मोकळी करता आणि तेवढ्यात नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरून जातो आणि तुमच्या तोंडाशी ढिगाऱ्याचा बांध घालून जातो. यात दुष्टावा नाही. त्याच्या पात्यापुढचा बर्फ मोकळी जागा मिळाली की तिथे सांडतो. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात की तुमच्या बाजूचा नांगर डावीकडून येतो. त्या डाव्या अंगाला रस्त्याकडेला एक खिसा आधीच मोकळा करून ठेवायचा, म्हणजे तो आपलं ओझं तिथे उतरवून पुढे जातो. आपल्याकडे हे सगळं उलट झालं असतं.

पण बर्फ पुन्हा रस्त्यात फेकता येत नाही. शिकागोत तर घरासमोरच्या पदपथावर ५ फूट रुंदीची वाट मोकळी करणं घरमालकावरच आहे. आणि इथे कायद्याने तत्त्वज्ञानाच्या मास्तराला आवडेल असा घोळ घालून ठेवला होता. जुना न्याय असा, की आपोआप पडलेल्या बर्फावर कुणी घसरलं तर मालक सहसा जबाबदार नाही. पण त्याने तो हलवला, नीट हलवला नाही आणि त्यामुळे कुणी पडलं तर तो अडचणीत. म्हणजे काही न करणारा सुरक्षित, आणि करू पाहणारा गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात! यावर दोन वेगळी उत्तरं निघाली. इलिनॉयने १९७९ मध्ये कायदा केला आणि घरासमोरचा पदपथ साफ करणाऱ्याला साध्या चुकीसाठी संरक्षण दिलं. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आपोआप पडलेला आणि माणसाने हलवलेला हा भेदच मोडीत काढला आणि विचारलं, मालकाने वाजवी काळजी घेतली का? मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. काहीच न करणं हीसुद्धा एक निवड असते.

जाता जाता एक गंमत. शिकागोतच, रस्त्यावरची गाडी बर्फातून उकरून काढली की त्या मोकळ्या जागेत लोक जुनी खुर्ची ठेवून जातात. जागा माझी, कारण कष्ट माझे. जॉन लॉकने सतराव्या शतकात मालमत्तेचा हाच पाया सांगितला होता. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तेव्हा कष्टही घेत नाही.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली, ‘नळकांडं तुंबलं तर?’ इंजिन बंद करा, किल्ली काढा, सगळं थांबेपर्यंत वाट बघा. आणि तरीही हात घालू नका. पट्ट्यात ताण साठलेला असू शकतो आणि अडकलेला बर्फ सुटताक्षणी पंखा झटक्यात फिरतो. बोटं जायला तेवढं पुरतं. जाड काठी वापरा.

दुसरी, ‘यंत्र नसेल तर आम्ही फावडं घेऊन मुलाला मदत करावी का?’ ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी करू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातांनी जड उचलताना रक्तदाब चढतो, त्यात आपण श्वास रोखून धरतो. सव्वादोन टनांचा हिशोब आठवा. मुलगा कामाला गेलाय म्हणून त्याला खूश करायला बाबा बाहेर पडतात, आणि तिथेच घात होतो.

‘मग आम्ही घरात नुसतं बसायचं?’ नाही, एक काम आहे. बऱ्याच घरांत गॅसच्या भट्टीचा धूर बाहेर टाकणारी नळी भिंतीतून जमिनीपासून थोड्याच उंचीवर निघते. तिच्यावर बर्फ साचला, किंवा ट्रॅक्टरवाल्यानेच तो त्या भिंतीशी फेकला, तर कार्बन मोनॉक्साइड घरात कोंडू शकतो. त्याला वास नसतो. ती नळी कोणत्या भिंतीला आहे आणि कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा घरात कुठे लावलाय, हे पोहोचलात की पहिल्याच दिवशी विचारून घ्या.